थोरल्या पातीचे चौसष्ट

१२ नोव्हें., बुध.

पार्सल आलं एकदाचं. आमचे म. दोन महिने कुरिअरवाल्याची वाट पाहत होते आणि आलं तेव्हा नेमके दाढीला बसलेले. अर्ध्या गालाला साबण, तसेच बाहेर. डबा मी उघडला. आत दोन स्लॅब, म्हणजे पत्त्याच्या कॅटाएवढ्या सीलबंद प्लॅस्टिकच्या डब्या. आत नाणं, वर लेबल, लेबलावर कंपनीने दिलेले मार्क, सत्तरपैकी. दोन्ही तांब्याचे पाव आणे, दोन्ही १८८८ चे, दोन्ही देवासचेच, पण गावातल्या दोन वेगळ्या संस्थानांचे. एक थोरल्या पातीचं, ते ह्यांच्या मित्राचं, बंडू भावजींचं. दुसरं धाकट्या पातीचं, ते आमचं.

थोरलीला ६४. धाकटीला ५८.

म. उरलेली दाढी करायला आत गेले. भावजींना धारला फोन मीच लावला. "वहिनी, परत एकदा सांगा" असं तीनदा म्हणाले. तीनदा सांगितलं.

१५ नोव्हें., शनि.

भावजी आले, नाणं न्यायला. हृदयाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एकटे, इंदूरला बस बदलून. त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, धारजवळच्या तिरल्याचा हरभरा पाठवलाय, सोललेला. बाई सोलूनही पाठवते, मी ते कधी करणार नाही. गराडूचा कंद तळला. भावजींना तळकट बंद आहे, तरी "वहिनी, चार" म्हणत दहा खाल्ले.

लेबल वाचून ६४ त्यांच्या हातात दिलं. खिडकीपाशी नेऊन बराच वेळ उजेडात धरून बसले. म. म्हणाले, "अभिनंदन बंड्या. जन्मात पहिल्यांदा माझ्यापेक्षा जास्त मार्क."

पहिलीपासून दोघं एका वर्गात. म. पहिले, भावजी दुसरे, अकरावीपर्यंत हेच. त्यावरून चाळीस वर्षं मी हेच विनोद ऐकतेय. भावजी हसले. नाणं रुमालात गुंडाळलं, खिशात घातलं. "दादा असते तर," एवढंच म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील, थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. नाणं त्यांचंच.

१९ नोव्हें., बुध.

भावजींनी नाणं देवघरात ठेवलंय. बाळकृष्णाच्या शेजारी. म. ना सकाळी सातच्या फोनवर कळलं. (हा फोन वीस वर्षं चालू आहे, कुणी मेलं तरच चुकतो.) शिवाय धारच्या वाचनालयात ४ जाने.ला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन आहे, तिथे भावजींनी टेबल घेतलंय.

म. दिवसभर धुसफुस. "थोरलीला ६४ कसे? आपलं नाणं चांगलं आहे." म्हटलं, अहो, नाण्याला मार्क मिळालेत, तुमच्या आजोबांना नाही. आवडलं नाही. ह्यांच्या घरी पाती हा फार नाजूक विषय. आजोबा धाकटीकडे नोकरीला होते ना. संस्थानं जाऊन इतकी वर्षं झाली, पण ह्यांचं अजून चालूच. नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा मला पात म्हणजे कांद्याची एवढंच ठाऊक होतं.

२५ नोव्हें., मंगळ.

काय लिहू. लाज वाटतेय.

दुपारी म. भिंग घेऊन आपलं ५८ वालं पाहत बसले होते. मार्क कुठे कापले ते शोधत असणार. एकदम म्हणाले, "नलू, इकडे ये. हे वाच." भिंगातून पाहिलं. लेबलावर जे.बी., ज्युनिअर ब्रँच, म्हणजे धाकटी. नाण्यावर, राज्याच्या नावापुढे, स्वच्छ एस.बी., सीनिअर, थोरली.

म्हणजे आमच्या घरात भावजींच्या दादांचं नाणं आहे, आणि आमचं धारला बाळकृष्णाशेजारी बसून दहा दिवस पूजा घेतंय.

एकतीस वर्षं मी छापखान्यात नोटा तपासल्या. केसाएवढी रेघ सरकलेली असली तरी नोट बाजूला काढायची. आणि हे नाणं मी लेबल वाचून हातात दिलं. नाण्याकडे पाहिलंही नाही. कंपनीच्या परीक्षकाने पाहिलं नाही त्याचा राग येतोय, पण त्याला निदान मी ओळखत नाही.

२६ नोव्हें., बुध.

सातच्या फोनवर म. नी भावजींना सांगितलं. मी चहा घेऊन तिथेच. भावजी आधी म्हणाले, "एवढी मोठी कंपनी, भिया, चुकेल का?" (इंदुरी भिया, म्हणजे भैया.) मग, "ते बारीक अक्षर मला दिसत नाही." मग शेवटी, "बरं, समजा नाणी इकडची तिकडे झाली. तरी ६४ थोरलीचेच. लेबल थोरलीचं आहे ना?"

म.: "मार्क नाणं पाहून देतात का लेबल पाहून?"

भावजी: "ते बघ, डब्या बंद करताना नाणी बदलली असतील."

म.: "कशावरून?"

ह्यावर अर्धा तास. चहा गार झाला, परत तापवला नाही.

२९ नोव्हें., शनि.

कंपनीला फोन केला. एक मुलगी बोलली, गोड होती. "मैडम, एक ही शहर में दो राजा?" म्हटलं हो बेटा, दोन भाऊ होते, गाव वाटून घेतलं, रस्त्याच्या ह्या अंगाला एकाचं राज्य, त्या अंगाला दुसऱ्याचं, नाणीही वेगवेगळी. ती म्हणाली, "बाप रे."

मग कामाचं बोलली. परत पाठवा, लेबल फुकट बदलून देतो. फक्त एक फॉर्म भरायचा, त्यात दोन चौकटी. एक, वर्णन चुकलं. मग मार्क त्या डबीतल्या नाण्याचेच राहणार, नुसतं नाव बदलणार. म्हणजे ६४ आमचे. दुसरी, डबीत घालताना नाणी बदलली. मग मार्क लेबलाबरोबर जाणार. म्हणजे ६४ भावजींचे. त्यांच्याकडे फोटोबिटो नसतात. आलेली पाकिटं एक नंबर, दोन नंबर, आणि पार्सलबरोबरच्या फॉर्मवर जे लिहिलंय ते लेबलावर. खरं काय झालं ते पाठवणाऱ्याने सांगायचं.

पाठवणारी मी. पार्सल माझ्या नावाने होतं.

३ डिसें., बुध.

सातचा फोन बंद. आज चौथा दिवस. म. फोन समोर ठेवून पेपर वाचतात, पान काही उलटत नाही. मी म्हटलं तुम्हीच करा. "मी का? चूक कुणाची आहे?" म्हटलं बसा मग.

दुपारी भावजींचा मला फोन. "वहिनी, चौकटीत खूण तुम्हीच करा. तुम्ही म्हणाल ते मला मान्य. तुम्ही आयुष्यभर तपासणीचं काम केलंय, तुम्ही कुणाची बाजू घेणार नाही." संध्याकाळी म. तेच. "तू तपासनीस आहेस. तू ठरव." दोघांचं एकमत झालं म्हणायचं एकदाचं.

मी काय ठरवणार? कंपनीच्या टेबलावर काय झालं ते मला इथे देवासला बसून कसं कळणार?

८ डिसें., सोम.

कळलं.

मोबाइलमधे मटार पुलावाच्या फोटोखाली सापडलं. सप्टेंबरमधे पार्सल बांधताना मी पाकिटांचा फोटो काढला होता, छापखान्याची सवय, बांधलेल्या मालाची खूण ठेवायची. दोन पारदर्शक पाकिटं, १ आणि २, शेजारी भरलेला फॉर्म. फोटो मोठा करून पाहिला. फॉर्म भावजींच्या अक्षरात. ओळ १, थोरली पाती. ओळ २, धाकटी पाती. पाकीट १ मधे जे.बी. आमचं. पाकीट २ मधे त्यांचं.

आणि मग सगळं आठवलं. भावजी फॉर्म भरून ठेवून गेले होते. त्यांच्याकडे काहीही लिहायचं तर थोरली आधी, पत्रिका असो नाही तर किराण्याची यादी. आमच्याकडे उलट. दसऱ्याला सोनं द्यायला आधी धाकटीच्या अंगाला, मग रस्ता ओलांडायचा. लग्न झाल्यापासून मी तशीच जाते. पाकिटं भरायला बसले तेव्हा म. नी नाणी पुढे केली, "आधी आपलं". मी एक नंबरात आपलं घातलं. फॉर्म वाचला नाही. भावजींचं अक्षर इतकं सुंदर आहे की कुणी वाचतच नाही, नुसतं पाहतात.

म्हणजे कंपनीने नाणी बदललीच नाहीत. मी बदलली. त्यांनी एक नंबरातलं नाणं पाहून ६४ दिले आणि फॉर्म पाहून थोरली लिहिलं. नाण्यावरची दोन अक्षरं वाचली असती तर धरली असती माझी चूक. नाही वाचली. पण चूक माझी.

तर ६४ आमचे.

९ डिसें., मंगळ.

म. ना सांगितलं नाही. सांगितलं तर टेकडीवर चढून ओरडतील.

खरी अडचण अशी की मी आता "चूक माझी" म्हटलं तर फायदा माझ्याच नवऱ्याचा. भावजी म्हणतील, वहिनींनी घरचं पाहिलं. तोंडावर नाही म्हणणार. सुमनवहिनींनाही म्हणणार नाहीत. पण आमच्याकडे येणं कमी होईल आणि मग कुणीच काही बोलणार नाही. मला ते नकोय. माझे दोघं भाऊ नाशिकला, वर्षातून एकदा भेटतात. भावजी महिन्यातून दोनदा येतात आणि मला काय हवं ते धारहून न विचारता आणतात.

दुसऱ्या चौकटीत खूण केली तर? कंपनीला काय फरक पडतो. भावजी खूश. म. चिडतील, पण ते जेवणापर्यंत.

दिवसभर हाच विचार. चकली चांगली झाली आज, कुरकुरीत.

१३ डिसें., शनि.

नाही जमणार. पेन हातात घेऊन बसले होते. एकतीस वर्षांत एकदाही चुकीच्या मालावर बरोबरची खूण केली नाही, एकदा साहेब मागे उभा होता तरी नाही केली. आता पेन्शनीत कुठे शिकायचं.

शिवाय दोन्ही नाण्यांचे जुने फोटो भिंगाखाली पाहिले. आंधळ्यालाही कळेल. आमचं करकरीत आहे. भावजींचं झिजलंय, नाण्यावरच्या राणीचा गाल गुळगुळीत.

१८ डिसें., गुरु.

सुमनवहिनींचा फोन. भावजींनी ६४ चा मोठा फोटो छापून आणलाय, प्रदर्शनाच्या टेबलामागे लावायला. खाली दादांचं नाव. गल्लीत सगळ्यांना आमंत्रण. "ह्यांना रिटायर झाल्यापासून इतकं खूश मी पाहिलंच नाही हो. ऑपरेशनच्या आधी किती घाबरले होते." बाईंना काहीच ठाऊक नाही, त्यांना वाटतंय दोघं मित्र दुसऱ्याच कशावरून रुसलेत.

फोन ठेवला. प्रदर्शनात भिंगवाले येणार. एक जरी वाकून बघेल तर जे.बी. वाचेल. सगळ्या धारसमोर, दादांच्या नावाखाली. भावजींचं काय होईल?

ते व्हायच्या आत मला जायला हवं.

२५ डिसें., गुरु.

म. ना म्हटलं उद्या धारला जाऊन येते. "जा. मी येणार नाही." बरं. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज. अर्धा किलो लसणाची सेव आणि खातेगावहून आलेल्या गव्हाच्या शेवया माझ्या पिशवीत. म्हटलं हे कुणाला? "सुमनला." सुमनवहिनी लसूण खात नाहीत.

२६ डिसें., शुक्र.

संध्याकाळ. आत्ता घरी पोचले. हात धुतले आणि लिहायला बसले.

धारला ऊन छान होतं. गच्चीवर पापड वाळत घातलेले, भावजी राखणीला बसलेले, हातात काठी, कावळ्यांसाठी. मी सेव दिली. त्यांनी पिशवीत पाहिलं, लसणाचीच आहे म्हटल्यावर मान खाली घालून हसले. सुमनवहिनी खाली स्वैपाकात.

मी आढेवेढे घेतले नाहीत. मोबाइल काढला, फोटो दाखवला. पाकीट एक, पाकीट दोन, तुमचा फॉर्म. सांगितलं, चूक कंपनीची आहे, पण आधी माझी आहे. ६४ त्या नाण्याचेच, आणि ते नाणं आमचं. मला माहितेय हे माझ्या तोंडून कसं ऐकू येतंय. तुमचा विश्वास बसला नाही तरी मी काही म्हणणार नाही.

भावजींनी मोबाइल परत माझ्या हातात दिला. फोटोही नीट पाहिला नाही. मग म्हणाले,

"वहिनी, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मला समजेना.

"तुमच्या खिडकीपाशी. दादांच्या नाण्यावर राणीला डोळाच नाही. दादा कोटाच्या खिशात ठेवायचे, संस्थान गेल्यावरही कचेरीला जाताना अंगठ्याने चोळत जायचे. माझं बोट धरलेलं एका हाताने, आणि दुसरा हात खिशात. डोळा पार गेला. आणि ह्या राणीला पापण्यासुद्धा आहेत. अंधारात दिलं असतं तरी ओळखलं असतं."

मी म्हटलं मग बोलला का नाहीत?

"बोलणार होतो. तेवढ्यात मधू म्हणाला, जन्मात पहिल्यांदा माझ्यापेक्षा जास्त मार्क." एक पापड उलटा केला. "मग बोलवेना."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. कावळा आला, त्याला काठी दाखवली. म्हणाले, "एक दिवस ठेवू म्हटलं. मग सगळे येऊन दादांचं नाव घ्यायला लागले. माणसाला सत्तराव्या वर्षी असली हाव सुटावी, काय म्हणाल?" मी म्हटलं मी काहीच म्हणणार नाही, मी दुसऱ्या चौकटीत खूण करायला निघाले होते. मग मात्र दोघंही हसलो, सुमनवहिनी खालून विचारायला लागल्या काय झालं म्हणून.

निघताना देवघरातून स्लॅब आणून माझ्या हातात ठेवलं. "मधूला सांगू नका. मी सांगेन. कधी ते विचारू नका."

२७ डिसें., शनि.

म. नाणं भिंगाखाली धरून बसलेत सकाळपासून. "बघ केस कसे उठलेत. बघ." बघितले. "बंड्याने मानलं?" मानलं म्हटलं. "कसं काय?" मी फोटो दाखवला, माझी चूक सांगितली. माझ्यावर चिडतील वाटलं होतं, पण एवढे खूश की मलाच म्हणाले, चुकतं माणूस. दादांचं ५८ वालं त्यांनी स्वतः मऊ कपड्यात बांधलं, ४ तारखेला प्रदर्शनात भावजींना द्यायला. "बिचारा," म्हणाले. हा शब्द मला आवडला नाही. पण गप्प बसले, वचन दिलंय.

४ जाने., रवि.

धार. प्रदर्शन. गर्दी बेताची, वाचनालयाच्या मानाने बरीच. भावजींनी मोठा फोटो लावलाच नव्हता. टेबलावर दोन्ही स्लॅब शेजारी शेजारी, लेबलं तशीच चुकीची, आणि पुढे त्यांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: लेबल वाचू नये, नाणे वाचावे. लोक भिंग घेऊन वाकत होते, हसत होते. एक मास्तर म्हणाले, ह्या प्रदर्शनात बघण्यासारखं एवढंच आहे. भावजींच्या चेहऱ्यावर परत रंग आला. मलाही बरं वाटलं.

म. पण रंगात. महिन्याभराने दोघं शेजारी बसलेले, बटाटेवडा अर्धा अर्धा. आणि मग म. म्हणाले, मोठ्याने, चार लोकांसमोर, नेहमीसारखं चिडवत: "काय रे बंड्या, दहा दिवस देव्हाऱ्यात ठेवून पुजलंस. स्वतःच्या बापाचं नाणं ओळखू आलं नाही तुला?"

लोक हसले. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग वडा खाली ठेवला, हात पुसले. म्हणाले, "मधू, खुर्ची जरा जवळ घे."

मी सुमनवहिनींना म्हटलं चला, तिकडे धारची नाणी बघू, आणि त्यांना ओढतच हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथून ऐकू काही येत नव्हतं. भावजी खाली बघून बोलत होते. म. नी खुर्ची आणखी जवळ ओढली. पंधरा मिनिटं तरी. वहिनी म्हणाल्या, "परत भांडतायत का हो?" म्हटलं नाही, हे भांडण नाही.

बसमधे म. खिडकीशी. अर्ध्या वाटेवर घाटाबिल्लोद आलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "नलू, मी त्याला नेहमी असंच बोलत आलो का?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

इंदूरला उतरलो तेव्हा विचारलं, "उद्या सातला फोन करू का? आणि काय म्हणू?" म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा. आणि देवासची बस लागली होती म्हणून पळालो.